साजाला पाय लावायचा नाही

आमच्या दिग्रसच्या नवप्रकाश गायन पार्टीत मी निवेदक होतो. दिवसा बस स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायचं आणि एप्रिल लागला की गावोगावच्या भीमजयंतीच्या स्टेजवर माइक धरायचा. लोकांना वाटतं, निवेदकाचं काम म्हणजे नुसती बडबड. त्यांनी एकदा करून बघावं. गाणं रंगलं की माणसं उठून स्टेजवर येतात, गायकाच्या हातात दहाची, वीसची नोट ठेवतात, आणि देणाऱ्याचं नाव निवेदकानं तिथल्या तिथे माइकवर घ्यावं लागतं. नाव चुकलं तर माणूस रागावतो, घेतलंच नाही तर त्याचा सगळा मोहल्ला रागावतो. पण मला इथे माझ्याबद्दल बोलायचं नाही. स्वतःबद्दल न बोलणं मला जड जातं हे खरं, तरी प्रयत्न करतो. सांगायचं आहे ते आमचा गिटारवाला उकंडा मनवर आणि त्याची बायको इंदूबाई यांच्याबद्दल.

उकंडाच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून तो जन्मल्याबरोबर आईनं त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं. असं केलं की पोर टिकतं म्हणत. बापानं धम्मदीक्षा घेतलेली, त्याला हे खुळ अजिबात मान्य नव्हतं, तो चार दिवस बायकोशी बोलला नाही म्हणे. पण पोर टिकलं आणि नावही टिकलं. नावावरून कोणी चिडवलं तर उकंडा म्हणायचा, "उकिरड्यावरचं पीक जोरात येते, भाऊ." आणि खरंच तो अंगापिंडानं चांगला दणकट होता. पुढे त्याची पाठ गेली ती वेगळ्या कारणानं.

तो कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, कामाला होता. कापूस असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा गिटार. आणि ते दिवस कापसाचे फार वाईट होते. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि ते वाचून लांबचे नातेवाईक फोन करून हळू आवाजात विचारायचे, "बरे आहात ना?" एकदा एक टीव्हीवाला जिनिंगच्या फाटकावर आला आणि उकंडाला म्हणाला, जरा उदास चेहरा करून उभे राहा. उकंडा म्हणाला, "आज संध्याकाळी कार्यक्रम हाये साहेब. उद्या या, उद्या राह्यतो उदास." हंगाम आखडला, वर्गण्या आटल्या, आमच्या पार्टीची बिदागी निम्म्यावर आली, पण जयंती एकाही गावानं सोडली नाही. जेवणातल्या दोन भाज्यांची एक भाजी झाली, एवढाच फरक.

गिटार त्याला शिकवली उस्मानचाचांनी. दिग्रसमध्ये त्यांचा लग्नाचा बँड होता आणि रिकाम्या वेळात ते रेडिओ दुरुस्त करत. जाताना त्यांनी उकंडाला दोन गोष्टी दिल्या. एक, स्वतः बनवलेला अँप. जुन्या रेडिओंच्या काचेच्या नळ्या, सिनेमाच्या टॉकीजमधला स्पीकर आणि वर सागवानाचं खोकं. आवाज असा गोड की विचारू नका, आणि वजन असं की नाकापेक्षा मोती जड. दुसरी गोष्ट होती एक वाक्य: "बेटा, साज को कभी पैर मत लगाना." उकंडानं दोन्ही गोष्टी सारख्याच जपल्या. साज म्हणजे वाद्य, आणि वाद्याची पिशवी ओलांडून जाणाऱ्यालाही तो परत मागे पाठवून वळसा घालायला लावायचा. मीही घातलेला आहे वळसा.

तो अँप त्यानं कुठेकुठे नेला नाही! एसटीच्या टपावर, ट्रॅक्सच्या मागच्या सीटवर, एकदा तर मारोतराव पाटलांच्या बैलगाडीत. कंडक्टर त्याला लांबूनच ओळखायचे आणि घंटी वाजवून गाडी सोडून द्यायचे. शेवटी बोरी अरबच्या जयंतीत त्या अँपनं दगा दिला. जनरेटरची वीज कमीजास्त होत होती. अँपनं जी भुणभुण धरली ती काही केल्या सोडेना. आमचा मुख्य गायक राजदीप भगत, पार्टी त्याचीच, तो वंदना गातोय आणि मागून भुणभुण. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे ती माशी हाकला आधी!" लोक हसले. उकंडानं रागारागानं अँप एकट्यानं उचलला आणि तिथेच कमरेत धरला. ट्रॅक्समध्ये त्याला अँपसारखाच आडवा घालून आणला.

पुढच्या आठवड्यात राजदीप नागपूरहून एक डबा घेऊन आला. गिटारचा प्रोसेसर. आकारानं जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, वर दोन बटणं आणि लाल आकड्यांची एक खिडकी. त्याच्या आत म्हणे जगातल्या मोठमोठ्या अँपच्या आवाजांची हुबेहूब नक्कल भरलेली. एकेका आवाजाला एकेक नंबर. गिटारची वायर डब्यात, डब्याची वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. मधे अँप नकोच.

"नक्कल ते नक्कलच," उकंडा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला. "दुधाची तहान ताकावर."

"मंग वाजव ना आपला असल अँप," राजदीप म्हणाला. "उचलाले मी काही येत नाई. आता तुनंच ठरव. हा डबा, नाईतर मी कीबोर्डवाला पाह्यतो. कीबोर्डात गिटारचा आवाज असते आजकाल."

गिटारवाल्याला हे असं बोलणं म्हणजे काय, ते गिटारवाल्यालाच कळेल. उकंडानं डबा ठेवून घेतला.

मग त्यांच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. उकंडा कानाला हेडफोन लावून वाजवत बसायचा. त्याला ऐकू यायची गिटार आणि घरातल्यांना ऐकू यायची नुसती तारांची टिकटिक. वर स्वतःचा आवाज त्याला ऐकू यायचा नाही, म्हणून तो "चहा टाक वं!" असं ओरडायचा की शेजारची हंसाबाई आपल्या घरात चहा ठेवायला उठायची. एकदा इंदूबाईनं त्याच्या कानावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले आणि ती एकेक नंबर पुढे सरकवत गेली. मी तिथेच बसलो होतो. एका नंबरावर ती दचकली आणि हेडफोनची एक बाजू तिनं त्याच्या कानाला लावली. तोही दचकला.

"अबे, हा तं फाटका स्पीकर हाये!" उकंडा म्हणाला. "स्पीकर फाटू नये म्हून मी इतकी वर्षं जीव लावला, आन् हे लोक फाटका आवाज मुद्दाम भरून इकून राह्यले?"

"भरू द्या की," इंदूबाई म्हणाली. "जिनिंग चालू झाल्यावानी वाटते." ती पुढे सरकत गेली आणि एके ठिकाणी थांबली. तिनं त्याला खुणेनं तारा छेडायला सांगितलं. मग हेडफोन काढून त्याच्या कानाला लावले. "आयका. चाचाचा अँप हाये हा."

उकंडानं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग एक कान आणखी घट्ट दाबला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. उस्मानचाचांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पाठ फिरवता फिरवता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं. तो नंबर नवराबायकोनं 'साधा' म्हणून ठेवला आणि शेजारी तो दुसरा, 'फाटका'. डावं बटण दाबलं की साधा, उजवं दाबलं की फाटका. गाण्याला साधा आणि मधल्या म्युझिकच्या पीसला फाटका, असं ठरलं.

आणि मग पहिल्याच तालमीत घोडं पेंड खाऊ लागलं. ती बटणं पायानं दाबायची होती.

"पायानं?" उकंडानं विचारलं.

"हो मग," मी म्हणालो. "दोन्ही हात गिटारवर असतात. बटण दाबायला उरतं काय? कंपनीनंच तसं बनवलंय."

"कंपनीले उस्मानचाचानं शिकवलं नसन."

राजदीपनं समजावलं, मी समजावलं. देवबिव आपण मानत नाही, मग ह्या डब्याला कशाला देव करतोस, असंही म्हणून पाहिलं. उकंडा म्हणाला, "देव नाई मानत. उस्ताद मानतो."

त्यातून आमची पार्टी बसून गाणारी. एकटा मुख्य गायक पुढे माइकशी उभा, बाकीचे सगळे मागे गादीवर मांडी घालून. मांडी घातलेल्या माणसानं पाय आणायचा कुठून? उकंडानं डबा आपल्या गुडघ्याशी ठेवला आणि कोपरानं दाबून पाहिलं. साध्याचा फाटका झाला, फाटक्याचा भलताच कुठला तरी तिसरा नंबर लागला आणि गिटार पाण्यात बुडाल्यासारखी बोलू लागली. तेव्हा शेजारी कोरसमध्ये टाळ्या वाजवत बसलेल्या इंदूबाईनं टाळी वाजवता वाजवता एक हात काढला आणि बरोबर वेळेला बटण दाबलं.

झालं. त्या दिवसापासून आमच्या पार्टीची गिटार दोन माणसं वाजवू लागली. तारा उकंडाच्या, बटणं इंदूबाईची. आणि काय सांगू, जमलं! अशी गिटार जिल्ह्यात कोणाकडे नव्हती. साउंडवाले मिक्सर सोडून वर येऊन डबा बघायचे. उकंडाची पाठ सुधारली, सासऱ्याकडून मान मिळावा तसा कंडक्टरांकडून त्याला मान मिळू लागला, कारण आता त्याचं सगळं सामान मांडीवर मावायचं. फक्त नवराबायको घरून भांडून आले की ते भांडण भोंग्यातून गावभर ऐकू यायचं. पुसदला एकदा भाजीच्या मिठावरून त्यांचं वाजलं होतं. राजदीपनं डोळे मिटून संथ वंदना सुरू केली आणि इंदूबाईनं बटण दाबलं ते उजवं. वंदनेला जिनिंगची साथ! उकंडा डोळे वटारतोय, ती सरळ समोर बघत कोरस गातेय. कार्यक्रम संपल्यावर दोन पोरं येऊन म्हणाली, ही नवीन पद्धत लय भारी आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. त्या डब्यानं उकंडाला ओझ्यातून सोडवलं आणि इंदूबाईला बांधून घातलं.

इंदूबाईचं स्वतःचं एक गाणं होतं. लग्नानंतर ती साक्षरतेच्या वर्गात लिहावाचायला शिकली होती, दिवसभर कापूस वेचून आल्यावर. त्यावर तिनंच ते रचलं होतं:

दिवसा वेचला कापूस बाई, राती वेचली अक्षरं,
कापूस गेला बाजाराला, घरी राह्यली अक्षरं.

पुढे बरीच कडवी होती. गाडीत ती गुणगुणायची तेव्हा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवायचं टाळायचा. तिला एकच हवं होतं. एकदा तरी स्टेजवर पुढच्या माइकशी उभं राहून, आपलं नाव घेतलं जाऊन, आपलं गाणं म्हणायचं. राजदीप वर्षानुवर्षं 'पाहू' म्हणत होता. तो एकदा तयारही झाला, तर उकंडानं विचारलं, "मंग बटन कोण दाबन?" पुढच्या वर्षी परत विषय निघाला, परत तोच प्रश्न. कोरसमधल्या दुसऱ्या कोणाला ती वेळ साधत नव्हती. इंदूबाई गप्प बसायची. म्हणजे लोकांसमोर. घरी ती गप्प बसत नव्हती, हे मला भिंतीला भिंत असलेल्या हंसाबाईनं सांगितलं.

मग मुकुटबनच्या विमलताईंचा फोन आला. त्या वर्षी तिथल्या जयंतीचा सगळा कारभार बायकांनी हातात घेतला होता आणि विमलताई अध्यक्ष होत्या. त्यांनी दारव्ह्याच्या एका लग्नात इंदूबाईचं गाणं मांडवाच्या कोपऱ्यात ऐकलं होतं. त्या माझ्याशी फोनवर बोलल्या ते एका दमात: "ते अक्षराचं गाणं म्हणनारी बाई असन तं या. नसन तं दुसरी पार्टी पाह्यतो आमी."

त्या मोसमातलं आमचं ते सगळ्यात मोठं बोलावणं होतं. राजदीपनं लगेच हो म्हटलं. मी ही बातमी घेऊन उकंडाच्या घरी गेलो. इंदूबाई डाळ निवडत होती. तिचे हात थांबले, चेहरा असा उजळला की मला निवेदन सुचू लागलं. आणि तेवढ्यात उकंडानं विचारलं, "पण मंग बटन..."

"बटन!" इंदूबाईनं सूप बाजूला सारलं. "डबा आला तवा मले वाटलं, चला, ह्यायची पाठ सुटली. मले काय मालूम, माहेच हात बांधले जातीन म्हून! तुमी एका नंबरावर वाजवा नाईतर पायानं दाबा, नाईतर डोक्शानं दाबा. मी गाणार हाये."

"एकाच नंबरावर वाजवतो ना. साधा ठेवतो."

"जमत नाई. 'बाजाराला' म्हटलं का जिनिंग सुरू झाली पाह्यजे. तिथी फाटकाच लागते. आन् 'घरी राह्यली' म्हटलं का पुन्हा चाचाचा आवाज. गाणं तसंच हाये माहं."

उकंडा खाली बघत म्हणाला, "उस्तादाले शब्द देला हाये मी. आन् तुह्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाई चालत मले. खरंच नाई चालत."

ही तारीफ होती की बेडी, हे मला तेव्हा कळलं नाही. इंदूबाईला बहुतेक दोन्ही कळलं. ती परत डाळ निवडू लागली, पण खडे जरा जोरात फेकत होती. मला त्या दोघांचंही वाईट वाटलं. म्हणून माझी बुद्धी फिरली आणि मी म्हणालो, "बटण मी दाबतो."

तालमी झाल्या. पहिल्या तालमीत मी गाणं ऐकत राहिलो आणि बटण राहून गेलं. दुसऱ्या तालमीत मी ठरवून ऐकलं नाही आणि भलत्याच शब्दाला दाबलं. "भाऊ, तुमचा जन्म बोलाले झाला हाये, आयकाले नाई," उकंडा म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पण इंदूबाईनं चिकाटी सोडली नाही. "'बाजाराला' आलं का उजवं. मी श्वास घेतला का डावं. बस." शेवटी मला ते जमलं. घरी झोपेतही मी बायकोचा श्वास मोजू लागलो होतो, असं ती म्हणते.

मुकुटबनला आम्ही दुपारीच पोहोचलो. कार्यक्रम संध्याकाळी सातला, कारण दहाला भोंगे बंद करावे लागायचे. ग्राउंड भरलं होतं आणि पुढे सगळ्या बाया. पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं, आणि विमलताई काठी घेऊन पोट्ट्यांना मागे हटवतायत. मला निवेदन आणि बटण, दोन्ही करायचं होतं, म्हणून डब्याला लांब वायर लावून तो पुढे आणला, गायकाचा माइक आणि माझा माइक यांच्या मधोमध. उकंडा मागे गादीवर, गिटार मांडीत. तो सारखा बाजूला बघत होता. इतक्या वर्षांत त्याच्या शेजारची जागा रिकामी अशी कधी नव्हती.

राजदीपची गाणी झाली. मग मी माइक घेतला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान निवेदन केलं: "गीत, चाल आणि आवाज, इंदूबाई मनवर."

ती उभी राहिली. चपला स्टेजखाली काढलेल्या, पदर खोचलेला. पहिली ओळ तिनं जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. पहिल्या कडव्याला मी बटण बरोबर दाबलं, श्वासालाही बरोबर दाबलं, आणि मागे वळून उकंडाकडे असं बघितलं की बघ लेका.

माझी फुशारकी तेवढ्यावरच थांबली. दुसरं कडवं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. कनवटीची दहाची नोट काढून स्टेजवर आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी, मग रांगच लागली. निवेदक म्हणून मला उठणं भाग होतं. मी स्टेजच्या कडेला जाऊन नाव विचारतोय, तर म्हातारी म्हणते, "माहं नोको घेऊ, माह्या नातीचं घे, ममता नाव हाये तिचं, सातवीत हाये." ते घेतो तोवर दुसरी म्हणते, "माह्या सुनेचं घे, ती बी शिकली." प्रत्येकीला घरातल्या शिकलेल्या पोरीचं नाव भोंग्यावर ऐकायचं होतं. मी बायांच्या गराड्यात पुरता अडकलो. आणि माझ्या कानावर आलं, "कापूस गेला बाजाराला..."

मी वळलो. डब्याजवळ कोणी नव्हतं. उकंडाचा हात तारांच्या वर उचललेला होता आणि त्याचे डोळे त्या रिकाम्या जागेवर होते. साध्या नंबरावर तो पीस वाजला असता तर सगळा जोर पाण्यात गेला असता.

इंदूबाईनं मागे पाहिलंच नाही. नजर समोरच्या बायांवर, तोंड माइकवर. तिनं अर्धं पाऊल बाजूला सरकून उजवा पाय उचलला आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

फाटका आवाज उसळला. अख्खी जिनिंग सुरू झाली त्या ग्राउंडवर! उकंडाचा हात आपोआप पडला आणि त्यानं तो पीस असा वाजवला की साउंडवाला खुर्चीतून उठला. त्या आवाजात इंदूबाई डब्यावर पाय ठेवून ताठ उभी, आणि बाया टाळ्या पिटतायत. मग तिनं श्वास घेतला, अंगठा जरा डावीकडे वळवून दाबला, सगळा कल्लोळ एकदम थांबला. मागे नुसता चाचाचा तो जुना, गोड आवाज राहिला, आणि त्यावर ती म्हणाली, "घरी राह्यली अक्षरं."

उरलेली सगळी कडवी तिनं तशीच म्हटली. गाताही होती आणि पायानं बटणंही दाबत होती, एकदाही चुकली नाही. मी खाली बसून राहिलो. माझी कुणालाच गरज नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.

गाणं संपलं. जयभीमचा गजर झाला, विमलताई काठी टाकून वर आल्या आणि इंदूबाईच्या गळ्यात पडल्या. पण माझं लक्ष उकंडाकडे होतं. तो गादीवरून उठत होता. कार्यक्रम चालू असताना हा माणूस गादी सोडून कधी उठला नव्हता. गिटार बाजूला ठेवून तो सरळ पुढे येऊ लागला, चेहरा असा की काही कळेना. मला वाटलं, झालं, आता भर स्टेजवर उस्तादाचा शब्द काढतो. राजदीपही घाबरून अर्धा उठला. इंदूबाईनंही त्याला येताना पाहिलं. तिचा पाय अजून डब्यावरच होता. तिनं तो काढला नाही. विमलताईंना हळूच बाजूला करून ती त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिली.

उकंडा डब्यासमोर आला. एक क्षण थांबला. मग वाकला, डब्यावरच्या तिच्या पायाला दोन्ही हात लावले, ते कपाळाला लावले आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

मग बायांनी जो आवाज केला त्याची नक्कल कुठल्याही डब्यात सापडायची नाही. इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला माहीत नाही. मी स्वतः रडत होतो.

परतीच्या गाडीत राजदीपला राहवेना. वणीचा फाटा आला तसा तो मागे वळून म्हणाला, "काय उकंडाभाऊ, एवढ्या गावासमोर बायकोच्या पाया पडले तुमी?"

उकंडानं त्याच्याकडे असं बघितलं, की हा माणूस आपल्या पार्टीचा मुख्य गायक कसा झाला असेल.

"काहून बे," तो म्हणाला, "तुनं गाणं नाई आयकलं का?"